उतार, विहीर आणि वल्हं

२३ सप्टेंबर १८०३ ची दुपार. आजच्या जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजा तळ देऊन होत्या. दक्षिणेकडून मेजर जनरल आर्थर वेलस्ली चालून आला होता. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजलेला तो हाच. मधे केळना होती आणि वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. इतक्या जवळ दोन गावं असतील, तर माणसांची येजा असणारच, आणि येजा असेल तर तिथे होडी तरी असेल किंवा उतार तरी, असा त्याने अंदाज बांधला. अंदाज खरा ठरला. सैन्य पाण्यात उतरलं, पार झालं आणि त्या संध्याकाळपर्यंत दख्खनचं राजकारण बदललं.

होडी की उतार, या त्याच्या प्रश्नाला केळनेने दिलेलं उत्तर जालना मुलखाला नेमकं लागू पडतं. होडी नव्हती, उतार होता. ऐन सप्टेंबरात, पावसाळा अजून सरलेला नसताना, नदी पायी पार करता येत होती. केळना, जुई, गिरजा, दुधना, कुंडलिका या चार महिन्यांच्या नद्या. पूर आला की दोन दिवस कुणाला जुमानत नाहीत आणि पूर ओसरला की गुडघाभर पाण्यातून बैलगाडी जाते. अशा नद्यांच्या काठी माणूस वल्हं मारायला शिकत नाही. तो उतार ओळखायला शिकतो. वाळू कुठे धसते, दगड कुठे पक्का आहे, कोणत्या वळणाला पाणी पांगतं, हे त्याला पायाला कळतं.

अपवाद होता तो गोदावरीचा. अंबड, घनसावंगी आणि परतूर या तालुक्यांच्या दक्षिणेला ती जिल्ह्याची सीमा होऊन वाहते. पैठणला जायकवाडीचं धरण होण्याआधी, शहागडसारख्या ठिकाणी पुलावरून वाहनं धावू लागण्याआधी, पावसाळ्यात पलीकडचा बीडचा काठ गाठायचा तर नावेशिवाय गत्यंतर नसे. काठावरच्या भोई-कोळ्यांच्या हातात ती विद्या होती. वल्हं, लांब बांबू आणि प्रवाहाचा अंदाज, एवढ्यावर माणसं, धान्य, शेरडं-करडं पार व्हायची. असईच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, वेलस्लीला ही नदी ओलांडावी लागली तेव्हा त्याच्या सैन्याने रानातल्या काठ्यांचे सांगाडे विणून वरून बैलाची कातडी ताणली आणि तसल्या गोल टोपल्यांतून तोफा आणि माणसं पलीकडे नेली. दख्खनच्या मोठ्या नद्यांवरचं हे जुनंच वाहन. पण ते पार जाण्याचं साधन होतं, चुरस लावण्याचं नव्हे. १९६५ मध्ये जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये धरण पूर्ण झालं, आणि खालच्या अंगाला गोदावरी वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू होऊन राहिली. नावेचा धंदा त्याबरोबर आटला.

जालना शहराचं पाण्याशी नातंही पिण्यापुरतंच राहिलं. पश्चिमेचा मोती तलाव, ज्याचं श्रेय परंपरेने जमशेदखानाला दिलं जातं, शहराला जमिनीखालच्या नळांतून पाणी पुरवायचा. पुढे निजामाच्या अमलात घाणेवाडीचा तलाव झाला. अंबडला पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी बारव आहे. या मुलखात साठलेलं पाणी ही जपून वापरायची ठेव होती. त्यावर खेळायचं असतं, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती.

ती कल्पना आणली ब्रिटिशांनी, आणि तीही इथे नाही. जालन्यातही त्यांची छावणी होती. १८२७ मध्ये वसवलेली ही हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी १९०३ पर्यंत टिकली. पाऊणशे वर्षं गोरे अधिकारी इथे राहिले, पण नौकानयनाचं रोप लागलं ते पुण्याला. कोलकात्यात १८५८ मध्ये रोइंग क्लब निघाला, मद्रासला १८६७ मध्ये बोट क्लब, आणि १८६८ मध्ये पुण्यात मुळा-मुठेवर जो क्लब सुरू झाला, तो पुढे रॉयल कनॉट बोट क्लब म्हणून ओळखला गेला. पुण्याची मुळा-मुठाही दख्खनचीच नदी, उन्हाळ्यात रोडावणारी. फरक पडला तो बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या मदतीने बांधलेल्या बंडाने पाणी अडवलं, मागे संथ, खोल, लांबलचक पाणी तुंबलं आणि त्यावर निमुळत्या नावा चालू शकल्या. संगमाजवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आणि १९२८ पासून चालत आलेला त्यांचा रेगाटा ही त्याच पाण्याची देणगी. इथे मराठी मुलांच्या हातात शर्यतीचं वल्हं आलं. पण तो खेळ कॉलेजातल्या मुलांचा राहिला. गावाकडच्या पोराला त्या घाटावर पाय ठेवायचा तर आधी अभियांत्रिकीला प्रवेश मिळवावा लागे.

हा खेळ नेमका काय आहे, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव चालवायची त्या प्रकाराला सिंगल स्कल म्हणतात. ही नाव सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब आणि बसणाऱ्याच्या कमरेपेक्षा फार रुंद नसलेली. वजन किमान १४ किलो हवं, आणि तज्ज्ञ कारागीर ते त्या किमानाला आणून टेकवतात. दोन्ही बाजूंची वल्ही जवळजवळ तीन तीन मीटरची. ती पाण्यावर समतोल धरून ठेवतात म्हणून नाव सरळ राहते. हात सोडले तर क्षणात कलंडते. वल्हवणारा पाठमोरा बसतो, म्हणजे शर्यतीचा शेवट त्याला दिसत नाही, मागे टाकलेलं पाणी दिसतं. आसन चाकांवर सरकतं. गुडघे छातीशी घेऊन तो पुढे येतो, वल्ह्याची पाती पाण्यात बुडवतो आणि मग पायांनी फळीला रेटा देतो. बघणाऱ्याला वाटतं हा हातांचा खेळ आहे. खरं बळ मांड्यांचं, त्यानंतर पाठीचं, आणि हात शेवटी येतात. मिनिटाला तीस-पस्तीस वेळा हे करत २००० मीटर कापायचे, सुमारे सात मिनिटांत. पहिल्या मिनिटातच मांड्या पेटतात आणि उरलेली सहा मिनिटं त्या आगीत काढायची असतात.

म्हणजे पोहणाऱ्याची किंवा नावाड्याची कौशल्यं इथे फारशी कामाला येत नाहीत. लागते ती उंची, लांब हात-पाय, मोठी छाती, मांड्या आणि पाठीतली ताकद आणि त्रास सोसत राहण्याची तयारी. म्हणूनच भारतीय नौकानयनाच्या इतिहासातली एक गोष्ट नकाशा समोर ठेवून पाहावी अशी आहे. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत भारताला या खेळातलं पहिलं सुवर्ण मिळवून देणारा बजरंगलाल ताखर राजस्थानातल्या सीकर जिल्ह्याचा. लंडन ऑलिंपिकला सिंगल स्कलमध्ये उतरलेला स्वर्ण सिंग पंजाबातल्या मानसा जिल्ह्याचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये अकरावी आलेल्या जोडीतला अर्जुनलाल जाट जयपूरकडचा. सर्पनौकांच्या शर्यती पिढ्यान्पिढ्या गाजवणाऱ्या केरळनेही चांगले वल्हेकरी दिले, पण नावांची यादी वाचताना डोळ्यांपुढे नदी येत नाही, वाळवंटाच्या कडेचा आणि कोरडवाहू शेतीचा प्रदेश येतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत नौकानयन पहिल्यांदा आलं तेव्हा त्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या. तो तलाव पुढे पार कोरडा पडला. वल्हेकरी मात्र त्याच भागातून येत राहिले.

ही सगळी मंडळी पाण्यापर्यंत पोचली एकाच रस्त्याने, सैन्यभरतीच्या.

महाराष्ट्रातला या रस्त्याचा सगळ्यात ठळक वाटसरू दत्तू बबन भोकनळ. तो जालन्याचा नाही. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. पण चांदवडहून निघून वैजापूर, गंगापूर ओलांडत भोकरदन-बदनापूरकडे यावं तर जमिनीचा रंग, पावसाची लहर आणि माणसांचे धंदे यांत कुठे सीमारेषा आखता येणार नाही. गोदावरीच्या उत्तरेचा हा सगळा पट्टा विहिरींचा. दत्तूचे वडील विहिरी खोदायचे आणि शाळकरी वयातच दत्तू त्यांच्या हाताखाली कामाला लागला.

विहीर खोदणं हे काम काय असतं, ते जालन्याच्या माणसाला सांगायला नको. वरची काळी माती एका दिवसात निघते. मग मुरूम लागतो, टिकावाला दाद देणारा. त्याखाली मांजऱ्या, आणि मग काळा पाषाण. खोली परसात मोजायची, म्हणजे माणसाच्या उंचीने. तळाशी सुरुंगाची भोकं पाडायची, बार उडवून घ्यायचा, धूर निवळला की उतरायचं, पहारीने दगड सुटे करायचे, घणाने फोडायचे, डोबऱ्यात भरायचे, वर यारीवर उभ्या असलेल्याने ते ओढून घ्यायचे. वडार समाजाच्या टोळ्यांनी हा धंदा पिढ्यान्पिढ्या केला आणि मोटेच्या विहिरींपासून आजच्या पन्नास-साठ फुटी विहिरींपर्यंत मराठवाड्याची शेती त्यांच्या पाठीवर उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तर अख्खी गावं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर गेली. हे काम उकिडवं बसून, वाकून, पायांनी जोर देऊन करायचं असतं. ओझं हाताने उचललं तर कंबर जाते, ते मांड्यांनी उचलायचं, हे टोळीतला मुकादम नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो. वर्णन वाचता वाचता सरकत्या आसनावरचा वल्हेकरी डोळ्यांपुढे आला तर नवल नाही. दोन्ही ठिकाणी बळाचा क्रम एकच आहे.

दत्तूचा जन्म ५ एप्रिल १९९१ चा. विहिरी, खाणीतला दगड, लग्नसराईतली कामं, पेट्रोल पंपावरची रात्रपाळी, हे सगळं करत त्याने शाळा सांभाळली. २०११ च्या अखेरीस वडील हाडांच्या कर्करोगाने गेले. थोरला मुलगा म्हणून घर त्याच्यावर आलं आणि २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला. खेळाडू व्हायला नव्हे, पगारासाठी. हे इथे ठासून सांगायला हवं, कारण यशाच्या कथा लिहिताना आपण मागे जाऊन स्वप्नं पेरत असतो. तळेगाव रोहीच्या मुलाच्या स्वप्नात ऑलिंपिक नव्हतं. तिथे पाण्याचा टँकर वेळेवर येणं हीच मोठी गोष्ट होती.

त्याला मिळालेली पलटण होती खडकीची बॉम्बे इंजिनिअर ग्रुप. बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखली जाणारी आणि आपला इतिहास १८२० पासून मोजणारी ही सैन्याची जुनी संस्था. खंदक खणणं, सुरुंग उडवणं, रस्ते करणं, नद्यांवर पूल टाकणं, होड्यांवरून सैन्य पार करणं हे सॅपर्सचं काम. विहिरीच्या तळातून आलेल्या पोराला खणणं आणि सुरुंग दोन्ही ओळखीचे होते. पाणी मात्र नवीन होतं. इतकं पाणी आपण आधी कधी पाहिलंच नव्हतं आणि सुरुवातीला त्याची भीती वाटायची, असं त्याने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. उंची पाहून त्याला आधी बास्केटबॉलकडे नेलं होतं. प्रशिक्षक कुदरत अली यांच्या नजरेला त्याचे लांब हात-पाय पडले आणि ते त्याला वल्ह्याकडे घेऊन आले. दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सैन्याचं रोइंग केंद्र आहे. तिथल्या कृत्रिम जलमार्गात शर्यतीचे २००० मीटर सरळ बसतात. पुण्यातल्या नदीवर दीडशे वर्षांपूर्वी बंडाने जे केलं होतं, तेच इथे सैन्याने मुद्दाम खणून केलं.

दत्तू सैन्यात दाखल झाला, त्याच सुमारास जालन्यात काय चाललं होतं, तेही लक्षात घ्यावं. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३ चा उन्हाळा जिल्ह्याने १९७२ ची आठवण काढत काढला. घाणेवाडीचा तलाव आटला. तळाचा गाळ काढायला शहरातले लोक पुढे आले आणि लोकवर्गणीतून काम झालं. अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं जोपासलेली झाडं शेतकऱ्यांनी सरपणाला तोडली. विहिरी आणखी खोल नेल्या गेल्या, परस वाढत गेले, पाणी लागलं नाही. त्या साली जालन्यात कितीतरी दत्तू विहिरींच्या तळाशी उतरले होते. त्यांच्या मांड्या, पाठी, दमसास यांत काही कमी नव्हतं.

दापोडीचा दत्तू मात्र २०१३ मध्ये पहिल्यांदा शर्यतीच्या नावेत बसला आणि २०१४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन सुवर्णपदकं घेऊन आला. २०१५ मध्ये चीनमधल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने सिंगल स्कलचं रौप्य मिळवलं. एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजूला ऑलिंपिक पात्रता शर्यत होती. त्याआधी काही महिने त्याच्या आईच्या डोक्याला अपघातात गंभीर इजा झाली होती आणि ती माणसं ओळखण्याच्या स्थितीत नव्हती. त्या अवस्थेत घर सोडून तो कोरियाला गेला, दुसरा आला आणि रिओचं तिकीट घेऊन परतला. त्या ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटाच वल्हेकरी होता.

रिओतली शर्यत लागोआ रॉड्रिगो डी फ्रेतास या खाऱ्या सरोवरावर झाली. पहिल्या फेरीच्या दिवशी वारा इतका होता की लाटांनी भल्याभल्यांचा ताल बिघडला. दत्तू ७ मिनिटं २१.६७ सेकंदात तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे त्याने ६ मिनिटं ५९.८९ सेकंद अशी वेळ दिली, पण चौथा आल्यामुळे पदकांच्या फेऱ्यांतून तो बाहेर पडला. यापुढच्या शर्यती क्रमांक ठरवण्यापुरत्या. पुष्कळ खेळाडू इथे मनाने घरी निघालेले असतात. दत्तूने सी गटाची अंतिम फेरी ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत जिंकली आणि एकूण तेरावा आला. सोनं मिळवणाऱ्या न्यूझीलंडच्या माहे ड्रायस्डेलची अंतिम फेरीतली वेळ ६ मिनिटं ४१.३४ सेकंद होती. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी ज्याने वल्हं हातात धरलं, तो जगातल्या पहिल्या पंधरांत होता. हा खेळ शाळेपासून, क्लबात, घरच्या पाठबळावर शिकणाऱ्या मुलांचा. त्यांच्यात हा तेरावा क्रमांक काय तोलाचा होता, याची जाण महाराष्ट्राला तेव्हाही पुरती आली नाही आणि अजूनही आलेली नाही.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेचं नौकानयन इंडोनेशियातल्या पालेंबांगला झालं. तिथे दत्तू आजारी पडला. सिंगल स्कलच्या अंतिम फेरीत तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, चौघांच्या क्वाड्रुपल स्कलची शर्यत होती. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तो पुन्हा नावेत बसला. चौघेही सैन्यातले. ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत त्यांनी यजमान इंडोनेशियाला मागे टाकलं. ताखरनंतर आशियाई स्पर्धेत भारताचं हे नौकानयनातलं दुसरं सुवर्ण. चौघांच्या नावेत एकाचा ताल अर्ध्या सेकंदाने चुकला तरी बाकी तिघांची वल्ही अडखळतात. आदल्या दिवशी कोलमडलेला माणूस त्या तालात बसू शकला, यातच त्याची खरी इयत्ता कळते.

पण कारकीर्दीचा उतार इथूनच सुरू झाला. पालेंबांगच्या एकेरी शर्यतीत तो मधेच थांबला, असा ठपका ठेवून भारतीय नौकानयन महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. तब्येत ढासळली होती, हे त्याचं म्हणणं होतं. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठवली गेली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. टोकियोच्या तयारीचे मोलाचे महिने मात्र गेले होते. ज्या माणसाने आदल्या दिवशीच्या अपयशानंतर चोवीस तासांच्या आत देशाला सुवर्ण दिलं, त्याच्या आजारपणाकडे अधिक मायेने पाहायला हवं होतं.

दत्तूची गोष्ट सांगताना एक वाक्य हमखास येतं: गरिबीने त्याला घडवलं. हे वाक्य खोडून काढण्याची गरज आहे. विहिरीने त्याला पाठ दिली असेल, पण विहिरीने हजारोंना पाठदुखी, तुटलेली बोटं आणि सुरुंगाचे अपघातही दिले. त्याला घडवलं ते वेळेवर मिळणाऱ्या पोटभर जेवणाने, महिन्याच्या पगाराने, माणूस पारखणाऱ्या प्रशिक्षकाने, लाखांत किंमत असलेल्या नावेने आणि खणलेल्या दोन किलोमीटर पाण्याने. या पाचांतली एकही गोष्ट तळेगाव रोहीत नव्हती. एकही गोष्ट जालन्याच्या कोणत्याही गावात नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेही असाच सैन्यात गेला, तिथे धावायला लागला आणि स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णापर्यंत पोचला. त्याचीही गोष्ट लोक तशीच सांगतात, शाळेत पायी जायचा म्हणून धावपटू झाला. शाळेत पायी जाणारी मुलं मराठवाड्यात कमी नाहीत.

जालन्यातली मुलं आजही पहाटे रस्त्यांवर धावतात. परतूर, मंठा, घनसावंगीत दिवस उजाडायच्या आत डांबरी रस्त्याच्या कडेने टोळक्याने पळणारी पोरं दिसतात ती सैन्य किंवा पोलीस भरतीच्या तयारीतली. काहींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात. या मुलांना १६०० मीटर धावण्याचा वेळ तोंडपाठ असतो. आपल्या हाताच्या पल्ल्याला, मांडीच्या लांबीला जगात कुठे तरी किंमत आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. उंच मुलाला गावात फार तर व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशी उभं करतात. जिल्ह्यातल्या शाळांत उंची आणि हातांचा पल्ला मोजून अशी मुलं निवडायला एक टेप पुरते. पाण्याशिवाय वल्हवण्याचा सराव करून घेणारं एर्गोमीटर नावाचं यंत्र असतं. जगभर खेळाडूंची पहिली पारख त्याच्यावरच होते. त्यासाठी नदी लागत नाही.

आणि नदी तरी आता अगदीच नाही असं नाही. जायकवाडीच्या खाली गोदावरीवर उच्च पातळीचे बंधारे झाले आहेत. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणीसावंगी. चांगल्या पावसाच्या वर्षी त्यांच्या मागे पाणी लांबवर तुंबतं, संथ आणि खोल. ते पाणी शेतीसाठी आहे आणि शेतीलाच मिळालं पाहिजे, त्यात वाद नाही. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामं करून आणि शेततळी खणून द्राक्षं पिकवली, ती पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून. पण वल्हं पाणी पीत नाही. जिथे जुन्या काळी भोई नाव लावायचे, त्याच काठाच्या मुलांना पोहायला, लाइफ जॅकेट घालून नाव सांभाळायला आणि मग वल्हवायला शिकवणारं एखादं छोटं केंद्र अंबड किंवा घनसावंगी तालुक्यात उभं राहू शकतं. त्याचा खर्च एखाद्या मध्यम क्रीडा संकुलाहून जास्त नसेल. तोपर्यंत रस्ता एकच आहे, भरतीच्या मैदानावरून खडकी किंवा दापोडीला जाणारा.

तो रस्ता चालू आहे, आणि त्यावरून येणारे बहुतेक अजूनही शेतकऱ्यांचीच मुलं आहेत. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत भारताने नौकानयनात पाच पदकं मिळवली. पालेंबांगच्या नावेतला सुखमीत सिंग तिथेही चौघांच्या कांस्यपदकात होता. २०२४ मध्ये हरियाणाच्या कर्नाल जिल्ह्यातला सैनिक बलराज पंवार चुंगजूलाच पात्र ठरून पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि सिंगल स्कलमध्ये तेविसावा आला. या प्रकारात ऑलिंपिकमधली भारताची आजवरची सर्वोत्तम जागा तेराव्या क्रमांकाची आहे, आणि ती तळेगाव रोहीच्या विहीर खोदणाऱ्या मुलाच्या नावावर आहे.